बाराची गाडी

"आधी दोन घास खाऊन घे," हे म्हणाले आणि डेन्व्हरच्या त्या अवाढव्य विमानतळावर, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेतच, बाकावर डबा उघडून बसले.

काचेच्या दारापलीकडे बाराची गाडी उभी होती. पांढरी, दहाबारा माणसांची. तिच्यामागे रंगीबेरंगी जाकिटं घातलेली पोरंपोरी लांबच लांब पिशव्या चढवत होती. त्या पिशव्यांत बर्फावरून घसरायच्या पट्ट्या असतात हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. गाडी डोंगरातल्या त्या गावाला जाणार होती. त्या गावाचं नाव मी आजही तोंडावर आणत नाही. लोक तिथे हौसेनं जातात, बर्फात लोळतात, फोटो काढतात. आमचा हेरंब तिथल्या दवाखान्यात पडला होता.

"अहो, गाडी सुटेल," मी म्हटलं.

"सुटू दे. दुसरी मिळेल."

"पोरगं तिकडे मरणाच्या दारात, आणि तुम्हाला खायचं सुचतंय?"

ह्यांनी डबा मांडीवर घेतला. दशमीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि माझ्या तोंडापुढे धरला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण चारचौघांत असा घास ह्यांनी मला कधी भरवला नव्हता. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं. मी मात्र रागानं नुसती पेटले होते.

आणि राग का येऊ नये? हा माणूस इस्लामपूरच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होता. कुठली गाडी किती वाजता लागते, किती वाजता सुटते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. आमच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी ह्यांनी सगळ्यांच्या आधी सोडली आणि माझा सख्खा मामा मागे राहिला, त्यावरून माहेरी अजून बोलणी होतात. गाडी चुकणं ह्यांच्या लेखी पापच. आणि तोच माणूस समोर लागलेली गाडी, तिची दोन तिकिटं खिशात असताना, डोळ्यांदेखत सोडत होता.

मी उठून दाराकडे निघाले. ह्यांनी हात धरला. जोरात नाही, पण सोडलाही नाही. म्हणाले, "तू जेवल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मग मला काय म्हणायचंय ते म्हण."

मग मी खाल्लं. कसं खाल्लं ते माझं मला ठाऊक. रडत, चावत, गिळत. ह्यांनी स्वतः एक घास घेतला नाही. कुठूनसा कागदी पेल्यात चहा आणला, पाण्यासारखा, तोही मला प्यायला लावला. तोवर बाराची गाडी गेली होती.

फोन आला होता त्याला दोन दिवस झाले होते. संध्याकाळची वेळ. मी देवापुढे दिवा लावत होते, फोन ह्यांनी घेतला. हेरंबचा मित्र, कौस्तुभ. पुण्याचा मुलगा, दोघं टेक्सासला एकत्र शिकले आणि मग नोकरीलाही डेन्व्हरला एकत्रच आले. ऑफिसातली चारसहा पोरं मिळून बर्फात खेळायला गेली होती आणि आमचा हेरंब घसरत जाऊन झाडावर आदळला. "काका, पोटाला मार लागलाय. सीरियस आहे. ऑपरेशन झालंय. इथे वादळ आहे, त्याला खाली मोठ्या दवाखान्यात हलवता येत नाहीये. तुम्ही दोघं ताबडतोब निघा." एवढं तो बोलला. ह्यांनी "बरं" म्हटलं, विमानतळाबाहेरच्या गाडीचं काय ते लिहून घेतलं आणि फोन ठेवला. एक प्रश्न विचारला नाही. शुद्धीवर आहे का, बोलतो का, काही काही नाही.

व्हिसा आमच्याकडे होता, दोन वर्षांपूर्वी त्याच्या पदवीदानाला गेलो होतो तेव्हाचा. मुंबईच्या भाच्यानं तिकिटांची सोय केली. बॅग जाऊबाईंनी भरली. घरात माणसं जमली, शेजारपाजारचे आले. कुणी मोठ्यानं बोलेना. माझ्याकडे बघायचे आणि नजर वळवायचे. माझ्या भाबड्या जिवाला वाटलं, काळजीनं गप्प आहेत. दिरांनी ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, ह्यांनी नुसती मान हलवली, आणि दीर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते मी बघितलं होतं. बघूनही डोक्यात शिरलं नाही.

आता डेन्व्हरला मी ह्यांच्यामागे लागले, निदान त्या कौस्तुभला फोन तरी करा. नंबर ह्यांच्या खिशात. मी म्हटलं, मला द्या, मी बोलते, दुसऱ्याच कुणी उचलला आणि इंग्रजीत विचारायचं झालं तर तुम्हाला जमायचं नाही. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं, ह्यांचं इंग्रजी येस-नो-थँक्यूच्या पलीकडे कधी गेलं नाही. पण ह्यांनी चिठ्ठी दिली नाही. सुटे पैसे घेऊन स्वतःच फोनच्या खोक्यापाशी गेले. पाठमोरे उभे राहिले, फोन कानाला लावला, परत आले.

"लागत नाही," म्हणाले.

"पुन्हा लावा."

"पोचतोच आहोत की आता. कशाला त्या पोराला त्रास?"

मी तोंडाची फटकळ. तिथे बसून मी ह्यांना काय काय बोलले ते आठवलं की आज जीभ हासडून टाकावीशी वाटते. तुम्हाला काळीज नाही म्हटलं. पोरापेक्षा तुम्हाला स्वतःचा आराम मोठा म्हटलं. डेपोत बसून बसून माणूस दगड झालाय म्हटलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच एकदा फक्त माझी शाल खांद्यावर सारखी केली.

दोनच्या गाडीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. चालवणारी एक बाई होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल, पिकल्या केसांची, आडव्या बांध्याची. डोरीन नाव. मला तेवढ्यातही नवल वाटलं, की या वयात ही बाई असल्या घाटातून गाडी हाकते. पुढे पाचसहा तरुण मुलं बसली होती. त्यांची थट्टामस्करी चालू होती, चिप्सच्या पिशव्या फिरत होत्या. त्यांच्यातल्या एका मुलीनं मागे वळून आम्हालाही पिशवी पुढे केली आणि विचारलं, पहिल्यांदाच चाललात का खेळायला? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

शहर संपलं आणि डोंगर सुरू झाले. झाडं काळी, बाकी सगळं पांढरं. आभाळ इतकं खाली आलं होतं की गाडी त्यात शिरतेय असं वाटत होतं. थोड्या वेळानं बर्फ पडायला लागलं. आधी पिठी चाळल्यासारखं बारीक, मग दाट. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसायचे. पोरांची मस्करी हळूहळू थांबली. डोरीन दोन्ही हातांनी चाक धरून पुढे वाकून बसली होती.

आणि एका चढावर सगळंच थांबलं. पुढे गाड्यांची रांग, मागे रांग. पुढच्या बोगद्याच्या अलीकडे डोंगरावरून बर्फ कोसळलं होतं आणि पोलिसांनी रस्ता बंद केला होता. डोरीन कुणाशीतरी बिनतारी यंत्रावर बोलली आणि मागे वळून म्हणाली, तासदोन तास तरी लागतील, जास्तही लागतील. मग एक वाक्य तिनं सहज म्हणून जोडलं. आमची बाराची गाडी बर्फ पडायच्या आधीच पार झाली, ती एव्हाना गावात पोचलीसुद्धा असेल.

मी ह्यांच्याकडे बघितलं. "ऐकलंत? कळलं का काय म्हणाली ती?"

"कळलं," हे म्हणाले.

खिडकीच्या काचेवर बर्फ साचत होतं, आत अंधारून आलं होतं. पुढची मुलं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. ह्यांनी माझा हात हातात घेतला.

"आता तुला सांगायला पाहिजे," हे म्हणाले. "गाव जवळ आलंय. मन घट्ट कर. हेरंब गेला."

मला वाटलं, हे काहीतरी भलतंच बोलतायत.

"परवाच गेला तो. त्या पोराचा फोन आला तेव्हाच. सीरियस आहे, ताबडतोब निघा, असं म्हणाला ना. मला कळलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळं एकदम उभं राहिलं. माझे वडील गेले तेव्हाचं. माझं माहेर कराडच्या पुढे, आडवळणाचं गाव. शाळेत निरोप आला, वडील आजारी आहेत, निघा. हे मला घेऊन निघाले. कराडच्या स्टँडवर ह्यांनी मला कँटीनमध्ये बसवून उसळ-पाव खायला लावला होता. मी म्हटलं, भूक नाही, तरी खायला लावला. आणि गावाच्या वेशीपाशी, ओढ्यावर गाडी आली तेव्हा सांगितलं. माझे वडील पहाटेच गेले होते. घरी गेल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही, तेव्हा ती उसळच कामी आली.

त्या काळी घरोघरी फोन नव्हते. मेल्याचा निरोप डेपोच्या फोनवर यायचा. मग ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला हे शोधून काढायचे, तब्येत जरा बरी नाही म्हणतात, असं सांगायचे, आधी कँटीनमध्ये बसवून जेवू घालायचे, मग गाडीत बसवून कंडक्टरच्या कानात सांगायचे की गाव आल्यावर सांभाळून सांग. एवढ्या वर्षांत किती जणांना ह्यांनी असं पोचवलं असेल. पोटात दोन घास पडावेत. फोनवर कळू नये. वेशीपाशी कळावं, म्हणजे दाराशी पोचेपर्यंत पहिला हंबरडा ओसरलेला असतो. हे सगळं ह्यांच्या हाडामासात मुरलेलं होतं. आमच्याकडे मेलेल्याला मेला म्हणत नाहीत, गंभीर आहे म्हणतात. आणि गंभीर आहे म्हटलं की ऐकणारा समजून जातो, उलटून विचारत नाही.

"फोन?" मी विचारलं.

"फिरवलाच नाही मी. तो पोरगा काही बोलला असता आणि तुझ्या कानावर गेलं असतं."

मग मी रडले. अशी रडले की पुढची मुलं दचकून जागी झाली. चिप्स देणारी ती मुलगी मागे आली, माझ्याजवळ खाली बसली, कागदी रुमाल देत राहिली. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, माझा मुलगा गेला. ते इंग्रजी वाक्य उच्चारताना मला वाटलं, आता हे खरंच झालं. ह्यांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर धरून ठेवलं होतं. दुपारी ज्या माणसाला मी दगड म्हणाले होते, त्यानं दोन दिवस एकट्यानं हे पोटात ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात डोरीन मागे आली. पुढे पोलिस बर्फ काढायच्या यंत्रामागून एकदोन गाड्या सोडतायत, म्हणाली, कुणाला अगदी तातडीचं काम असेल तर. तुमच्यासाठी विचारू का? मी पदरात तोंड खुपसून बसले होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हात हलवला.

"नो, नो," हे म्हणाले. "नो हरी. थँक्यू."

आणि मला मराठीत म्हणाले, "आता कशाला कुणाला त्रास? आता काय घाई आहे?"

मी मान हलवली. मलाही ते पटलं होतं.

गावात पोचलो तेव्हा दुकानांतून पिवळे दिवे लागले होते आणि झाडाझाडांवर माळा. डोरीननं आम्हाला थेट दवाखान्याच्या दारात सोडलं. ह्यांचं पाऊल बर्फावरून घसरायला लागलं म्हणून तिनं ह्यांचा दंड धरला, मग बॅगा काढायला ह्यांच्याबरोबर मागे गेली. मी पुढे झाले. दारातच कौस्तुभ उभा होता. दाढी वाढलेली, अंगात एक मळका स्वेटर, डोळे सुजलेले.

"काकू," तो म्हणाला आणि माझ्या पायांशी वाकला.

"कळलंय मला, बाळा," मी म्हटलं. "काकांनी सांगितलं मघाशी."

"काकांना कुणी सांगितलं?" तो गोंधळला. "आत्ताच तर गेला, काकू. तास पण झाला नाही. दुपारी चांगला बोलत होता. बाराच्या गाडीनं येणार म्हणून सारखं विचारत होता, आई पोचली का, बाबा पोचले का. ती गाडी आली तेव्हा मी बाहेर जाऊन बघून आलो, तुम्ही नव्हता. मग त्याला सांगितलं, दोनच्या गाडीनं येतायत. तोपर्यंत थांबतो म्हणाला."

माझे कान बंद झाले. तो आणखी काही बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते.

त्या पोराची काय चूक? त्यानं शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं. सीरियस आहे म्हणजे सीरियस होता. ऑपरेशन झालं म्हणजे झालं होतं. हेरंब दोन दिवस जिवंत होता. आम्ही विमानात होतो तेव्हा जिवंत होता. मी दशमी गिळत होते तेव्हा जिवंत होता. त्या गाडीत मी त्याच्या नावानं गळा काढून रडत होते, तेव्हा तो इथे दाराकडे डोळे लावून पडला होता. आणि आमच्यासाठी वाट मोकळी होत होती तेव्हा आम्ही घाई नाही म्हणून सांगितलं.

मागून ह्यांच्या बुटांचा आवाज आला. बॅगा घेऊन येत होते, हळूहळू, जपून पाऊल टाकत.

तेवढ्या वेळात माझं ठरलं. कसं ठरलं ते देव जाणे. मी कौस्तुभचा हात घट्ट धरला.

"हे काकांना सांगायचं नाही," मी म्हटलं. "आज नाही, कधीच नाही. तो परवा गेला. फोन केलास त्याच्याआधी. शपथ घे माझी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. पंचविशीचा पोरगा, त्याला काय कळणार? पण त्यानं मान हलवली. हे आले, त्यांनी कौस्तुभच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू फार केलंस बाबा."

आत नर्स मला इंग्रजीत सगळं सांगत होती. किती शांतपणे गेला, शेवटी काय म्हणाला, किती वाजता गेला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ह्यांना मराठीत सांगितलं की त्या सांत्वन करतायत. हेरंब पलंगावर होता, पांढऱ्या चादरीखाली, केस विंचरलेले. हे दारातच थबकले. मला तेव्हाच कळलं ह्यांच्या मनात काय आलं असेल. दोन दिवसांचा देह असा पलंगावर कोण ठेवतं? मी घाईघाईनं म्हटलं, "इथे असंच ठेवतात हो, घरचे येईपर्यंत."

"असेल," हे म्हणाले.

मग जवळ गेले. हेरंबची मान उशीवर जराशी कलली होती. ह्यांनी मानेखाली हात घातला, डोकं सरळ केलं, उशी नीट केली. तान्हा होता तेव्हा करायचे अगदी तसं. हात बराच वेळ तिथेच होता. मग बाहेर काढला आणि स्वेटरच्या खिशात घातला. रात्री कौस्तुभच्या खोलीवर जाईपर्यंत तो हात खिशातच होता. ह्यांनी मला काही विचारलं नाही.

कागदपत्रांवर सह्या मी केल्या, दाखला मी ठेवला. पुढचं सगळं तिथेच करून चार दिवसांनी आम्ही परतलो.

ज्या संध्याकाळी फोन आला ती पौष वद्य पंचमी होती. घरातल्यांनी तीच तिथी धरली. दरवर्षी पंचमीला हेरंबच्या फोटोला हार, गोडाधोडाचं पान, गच्चीवर कावळ्याला घास. हे स्वतः पान वाढायचे. मी मुकाट्यानं स्वयंपाक करायची. मला ठाऊक होतं की पंचमीला माझं पोरगं जिवंत होतं, आमची वाट बघत होतं. त्या दिवशी त्याच्या नावानं पान वाढताना माझा जीव तळतळायचा. पण बोलणार कुणाशी?

सप्तमीला मी वरणफळं करायची. हेरंबला ती फार आवडायची. आंबट-गोड, वर तुपाची धार. लहानपणी सुट्टीच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात घिरट्या घालायचा. पहिल्या वर्षी ह्यांनी विचारलं होतं, आज काय वरणफळं? मी म्हटलं, सहज, डाळ जास्त शिजली. पुन्हा ह्यांनी विचारलं नाही. मी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं जायची आणि कठड्यावर वाटीभर ठेवून यायची. खाली येईपर्यंत ह्यांनी निमूटपणे पान संपवलेलं असायचं. एरवी ह्यांना वरणफळं मुळीच आवडत नसत.

अशी चौदा वर्षं गेली. मी ह्यांना एकदाही लागेल असं बोलले नाही. नातेवाईक म्हणायचे, बाईंची जीभ पोर गेल्यापासून मऊ झाली. हो, झाली. एकदा तोंड सुटलं तर काय बाहेर पडेल याची मला भीती होती.

शेवटच्या वर्षी हे अंथरुणालाच खिळले होते. छातीत कफ भरलेला, बोलताना दम लागायचा. पौष आला. पंचमीला सकाळी मी न्हाऊन आले, डाळ भिजत घातली, पुरण करायचं होतं. हार आणायला शेजारच्या मुलाला पाठवणार, तेवढ्यात ह्यांनी हाक मारली.

"आज नको करू," हे म्हणाले.

मला वाटलं, दगदग नको म्हणून म्हणतायत. मी म्हटलं, मला काही होत नाही, वर्षातून एकदाचा दिवस.

"आज नको. परवा कर." ह्यांनी दम घेतला. "परवाचाच दिवस खरा ना?"

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. पलंगाच्या कडेला बसले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तिथेच," हे म्हणाले. "मानेखाली हात घातला ना मी. ऊब होती गं. आयुष्यभर माणसं पोचवली मी, मला कळत नाही होय?"

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

हे छताकडे बघत होते. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत आलं होतं, मी पदरानं पुसलं.

"तू लपवत होतीस," हे म्हणाले. "माझ्यासाठी. तेवढ्यावर तू उभी होतीस. तेही काढून घेतलं असतं तर काय राहिलं असतं तुझ्याकडे?"

दोन दिवसांनी मी वरणफळं केली. हेरंबच्या फोटोपुढे एक पान वाढलं, उघड, कुणापासून न लपवता. दुसरी वाटी घेऊन ह्यांच्या उशाशी बसले. मानेखाली हात घालून ह्यांना जरा उठवलं आणि चमच्यानं भरवायला लागले. दोन घास घेतले, तिसऱ्याला तोंड फिरवलं.

"आवडत नाहीत मला," हे म्हणाले. "कधीच आवडली नाहीत."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.